टिकणारे इंजिन आणि हात पोहोचणारे इंजिन

टोयोटाचे १यूझेड-एफई हे चार लिटरचे व्ही-८ इंजिन १९८९ साली लेक्ससच्या पहिल्या मोटारीत आले, आणि आजवर बनलेल्या सर्वांत खात्रीच्या पेट्रोल इंजिनांत त्याची गणना होते. या इंजिनाचा स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी छोटी मोटार, बिघडला तर काय करावे लागते ते पाहू. बहुतेक इंजिनांत स्टार्टर खालच्या अंगाला, गिअरबॉक्सला लागून असतो. दोन बोल्ट आणि दोन वायरी सोडल्या की तो हातात येतो. इथे मात्र तो सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या घळीत, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाच्या, पोटाखाली बसवलेला आहे. त्यामुळे आधी हवेचा पाइप काढायचा, मग थ्रॉटल बॉडी, मग इंधनाच्या नळ्यांतला दाब सोडून त्या सुट्या करायच्या, इंजेक्टरांच्या वायरी बाजूला घ्यायच्या, कूलंटचे होज काढायचे आणि मॅनिफोल्ड अख्खे वर उचलायचे. तेव्हा कुठे स्टार्टरचे दर्शन होते. परत बसवताना गास्केटे, म्हणजे सांध्यांतून गळती होऊ न देणारी अस्तरे, नवी घालावी लागतात. सरावलेल्या हातालाही अर्धा दिवस जातो.

याच्या अगदी उलट टोकाला फोक्सवॅगन बीटलचे हवेने थंड होणारे इंजिन आहे. ते गिअरबॉक्सला चारच बोल्टांनी धरलेले असते, आणि जाणकार माणूस तासाभरात ते गाडीखाली उतरवून घेतो. पण त्याच्या व्हॉल्व्हचे अंतर, म्हणजे ज्याला आपण टॅपेट लावणे म्हणतो ते काम, दर पाच हजार किलोमीटरला करावे लागत असे, आणि ते चुकवले की व्हॉल्व्ह जळून जाई. पहिले इंजिन टिकते पण हाताला सापडत नाही. दुसरे हाताला सापडते पण सारखे लक्ष मागते. ‘सर्वांत चांगले इंजिन कोणते’ असे विचारताना आपण हे दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो, आणि म्हणून उत्तरे गोंधळाची येतात.

टिकाऊपणाचे पहिले कारण अगदी साधे आहे: इंजिनाकडून त्याच्या आकाराच्या मानाने किती काम घेतले जाते. मर्सिडीजच्या ओएम६१७ या तीन लिटरच्या, पाच सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची सुरुवातीची, टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेली आवृत्ती फक्त ८० अश्वशक्ती देत असे. म्हणजे लिटरमागे जेमतेम २७. टोयोटाच्या २२आर या २.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती साधारण शंभर, म्हणजे लिटरमागे चाळीसच्या आसपास. आजची एक लिटरची, तीन सिलिंडरांची टर्बो इंजिने एका लिटरमधून सव्वाशे अश्वशक्ती काढतात. तेवढ्याच आकाराच्या पिस्टनवर, रिंगांवर आणि बेअरिंगांवर कितीतरी जास्त दाब आणि उष्णता येते, आणि शिवाय मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दांडा त्याच ऑइलवर अवलंबून असतो. असे इंजिन वाईट असते असे नाही. त्याला चूक खपत नाही, एवढेच. ऑइल बदलायला पाच हजार किलोमीटर उशीर झाला तर जुने ढिम्म डिझेल इंजिन ते पोटात घालते, छोटे टर्बो इंजिन घालत नाही.

दुसरे कारण बांधणीचे. एका रांगेत सहा सिलिंडर असले की पिस्टनांचे हिसके एकमेकांना खाऊन टाकतात आणि इंजिन मुळातच थरथरत नाही. त्याच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, सात मुख्य बेअरिंगांचा आधार देता येतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना एकेक. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा) आणि हेड (त्यावरचे, व्हॉल्व्ह असलेले झाकण) दोन्ही बिडाचे असतील तर तापल्यावर दोन्ही सारखेच प्रसरण पावतात. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असेल तर मात्र हेड जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि मधले गास्केट प्रत्येक वेळी गाडी तापताना आणि निवताना घासले जाते. गाडी एकदा चांगलीच गरम झाली की हेड वाकते ते याच कारणाने. अर्थात बीड जड असते आणि जड इंजिन इंधन जास्त पिते, म्हणून ही बांधणी मागे पडली; ती टिकत नव्हती म्हणून नव्हे.

आता ज्या एका भागावर इंजिनाचे आयुष्य सर्वांत जास्त लटकलेले असते तिकडे वळू. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो, आणि हा मेळ एका दात्यानेही चुकून चालत नाही. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. बऱ्याच इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. मेळ तुटला की ते एकमेकांवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. काही इंजिनांत मात्र दोघांमध्ये पुरेसे अंतर ठेवलेले असते. तिथे हा मेळ राखणारा बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, नवा बेल्ट घातला की पुन्हा चालू लागते. जुनी गाडी घेताना तिचे इंजिन या दोहोंपैकी कोणत्या जातीचे आहे हे विचारणारे फार थोडे भेटतात, आणि मला याचे नेहमी नवल वाटते.

हा मेळ राखण्याचे तीन मार्ग आहेत. सर्वांत भक्कम म्हणजे दात्याला दाता, अर्थात गिअर. फोर्डचे ४.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन १९६५ ते १९९६ अशी तीन दशके याच पद्धतीवर चालले. त्यात चेनही नाही, बेल्टही नाही, आणि कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्याने अंतरही थोडे. दुसरा मार्ग टायमिंग बेल्टचा. रबरी बेल्ट स्वस्त आणि मुका असतो, पण तो साठ हजार ते लाखभर किलोमीटरच्या आत, उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बदलावाच लागतो. गाडी कमी चालली तरी वर्षांच्या हिशेबाने रबर म्हातारे होते. तिसरा मार्ग चेनचा, आणि ‘चेन आहे म्हणजे चिंता नाही’ हा समज इथे तपासून पाहायला हवा.

२२आर इंजिनाचेच उदाहरण घेऊ. सुरुवातीला त्यात दुपदरी चेन होती. १९८३ च्या सुमारास टोयोटाने घर्षण कमी करण्यासाठी तिच्या जागी एकपदरी चेन आणि प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे गाइड, बसवल्या. दीड-दोन लाख किलोमीटरनंतर चेन ताणली जाते, ऑइलच्या दाबावर चेन ताठ ठेवणाऱ्या टेन्शनरला ती आवरत नाही, आणि ती गाइडवर फटके मारू लागते. सकाळी गार इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद डबीत खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तीच काय ती सूचना. गाइड तुटली की तिचे तुकडे खाली ऑइलच्या सम्पमध्ये पडतात आणि चेन थेट ॲल्युमिनियमच्या कव्हरवर घासू लागते. ते कव्हर करवतीने कापल्यासारखे चिरले जाते, त्यामागे कूलंटची वाट असते, आणि मग कूलंट ऑइलमध्ये उतरते. एवढे मोठे नुकसान एका प्लास्टिकच्या पट्टीपासून सुरू होते. पण हे सगळे इंजिनाच्या समोरच्या बाजूला आहे, जागा मोकळी आहे, आणि चेन, गाइड व टेन्शनरचा संच घरच्या अवजारांनी एका सुटीच्या दिवशी बदलता येतो. मला विचाराल तर या इंजिनाच्या लौकिकाचे खरे रहस्य इथे आहे: त्याचा दोष ठाऊक आहे, तो आधी आवाज देतो, आणि तिथवर हात पोहोचतो.

याच्याशी बीएमडब्ल्यूच्या एन४७ या २००७ च्या दोन लिटर डिझेल इंजिनाची तुलना करावी. त्यातही चेनच होती आणि तीही झिजत असे. फरक इतकाच की ती इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली होती. भाग तोच आणि बिघाडही तोच, पण इथे इंजिन उतरवण्याची तयारी ठेवावी लागे. अलीकडे काही छोट्या इंजिनांत ऑइलमध्ये भिजत चालणारा बेल्ट आला; फोर्डच्या एक लिटरच्या इकोबूस्टमध्ये आणि प्यूजो-सित्रोएनच्या १.२ लिटरच्या प्यूअरटेकमध्ये तो होता. त्या बेल्टचे रबर ऑइलमुळे सुटून त्याचा गाळ ऑइलपंपाच्या जाळीत अडकू लागला, म्हणजे बेल्ट तुटण्याआधीच ऑइलचा दाब पडून इंजिन जाण्याची भीती निर्माण झाली. फोर्डने पुढे या इंजिनाला चेन बसवली.

नुसत्या कंपनीच्या नावावर भिस्त ठेवू नये, हे यावरूनच लक्षात येईल. ज्या टोयोटाचे १यूझेड लाखो किलोमीटर धावते, तिच्याच २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाच्या २००७ नंतरच्या काही वर्षांच्या गाड्या पिस्टन-रिंगांमुळे ऑइल खाऊ लागल्या आणि कंपनीला त्यासाठी वॉरंटी वाढवावी लागली. फार काय, इंजिनाचे नाव एकच असले तरी वर्ष पाहावे लागते. जीपचे चार लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन १९८७ ते २००६ पर्यंत बनले. संपूर्ण बिडाचे, सात बेअरिंगांचे आणि दणकट. पण २०००-०१ च्या सुमारास त्यावर जे हेड आले, ज्याच्या ओतकामाच्या आकड्याचा शेवट ०३३१ असा आहे, ते तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये तडकत असे. पुढे ते सुधारले गेले. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल-ब्लॉक’ या छोट्या ब्लॉकच्या व्ही-८ इंजिनांची परंपरा १९५५ पासूनची आहे आणि तिची रचना विलक्षण साधी आहे. मात्र इंधन वाचवण्यासाठी धावताना अर्धे सिलिंडर बंद ठेवण्याची सोय त्यात आली, तेव्हा त्या सोयीसाठी लागणारे खास लिफ्टरच, म्हणजे कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणारे भागच, अडकू लागले. जुन्या, मुरलेल्या इंजिनावर नवी युक्ती चढवली की पहिली काही वर्षे गिऱ्हाईकच तिची परीक्षा घेत असते.

आता हात पोहोचण्याच्या प्रश्नाकडे येऊ. इंजिन गाडीत लांबीच्या दिशेने बसवलेले असेल तर बेल्ट, वॉटर पंप आणि अल्टरनेटर समोर येतात आणि ठिणगी पाडणारे प्लग बाजूला. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत ते आडवे असते. चार सिलिंडर असतील तर प्लग वरच असल्याने काही बिघडत नाही, पण आडव्या व्ही-६ इंजिनाचे मागचे तीन प्लग बॉनेटखालच्या मागच्या भिंतीला तोंड करून असतात आणि ते बदलायला पुष्कळदा वरचे मॅनिफोल्ड काढावे लागते. म्हणजे तेच इंजिन एका गाडीत सोपे आणि दुसरीत छळवादी असू शकते. कधी अडचण जागेची नसून भागाच्या घडणीचीच असते. फोर्डच्या ५.४ लिटरच्या तीन-व्हॉल्व्ह इंजिनाच्या २००४ ते २००८ च्या काळातल्या गाड्यांत लांब नाकाचे, दोन तुकड्यांचे स्पार्क प्लग होते. कार्बन धरल्यामुळे ते सोडवताना मधूनच तुटत आणि खालचा तुकडा हेडमध्ये राहून जाई. तो काढण्यासाठी वेगळे अवजार बाजारात आले, यावरून हा प्रकार किती सर्रास घडत असेल याची कल्पना येते. तुटलेल्या वस्तूचे दुःख मलाही ठाऊक आहे: माझ्या हातून एकदा थर्मोस्टॅटच्या कव्हरचा गंजलेला छोटा बोल्ट तुटला, आणि वीस मिनिटांचे काम दोन दिवसांवर गेले. तेव्हापासून ॲल्युमिनियममधला कोणताही जुना बोल्ट सोडण्याआधी मी त्यावर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर थांबतो.

‘पूर्वीची इंजिने सोपी होती, आता सगळे कॉम्प्युटरवर गेले’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. इंधन आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर उघडता येत असे हे खरे, पण तो उघडावाही वारंवार लागत असे. उलट अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात पेट्रोलच्या २००१ पासूनच्या नव्या मोटारींना ओबीडीचे, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याच्या व्यवस्थेचे, सॉकेट सक्तीचे झाले, आणि एक छोटे यंत्र त्यात खुपसले की बिघाडाचा आकडा वाचता येऊ लागला. समजा, इंजिन अडखळते आहे आणि आकडा येतो पी०३०२. याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा जळण नीट होत नाही. आता नवा सुटा भाग घ्यायला धावायचे नाही. दुसऱ्या सिलिंडरच्या ठिणगीला वीज पुरवणारी इग्निशन कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आकडा पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. आकडा पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब आहे. आकडा पी०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का, ते पाहायचे. कार्बुरेटरच्या काळात इतक्या निःशंकपणे दोष पकडता येत नव्हता. आकडा काय सांगतो हे मात्र समजून घ्यावे लागते. तो लक्षण सांगतो, कारण नाही, आणि हे न कळल्यामुळे चांगले सेन्सर विनाकारण बदलले जातात.

डिझेलच्या बाबतीत जुन्या-नव्यातला फरक जास्त तीव्र आहे. ओएम६१७ चा बॉशचा इंजेक्शन पंप पूर्ण यांत्रिक होता. इंजिन एकदा सुरू झाले की त्याला चालू राहण्यासाठी वीजही लागत नसे. ते बंद व्हायचे ते व्हॅक्यूमच्या जोरावर, त्यामुळे व्हॅक्यूमची नळी फाटली की किल्ली काढून घेतली तरी इंजिन निवांत धडधडत राही, आणि मालकाला बॉनेट उघडून हाताने दांडी दाबावी लागे. त्याचे इंजेक्टर साधारण १२० बार दाबाला उघडत. आजच्या कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनांत दाब दोन हजार बारपर्यंत जातो, आणि इंधनातला पाण्याचा अंश किंवा कचरा तिथे क्षम्य नसतो. त्यात धुराची गाळणी आणि ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था, यांची भर पडते. त्या गाळणीला साफ होण्यासाठी लांब पल्ल्याची धाव लागते, म्हणून रोज पाच किलोमीटर जाऊन येणाऱ्याने आधुनिक डिझेल घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी इंजिने मात्र धूर ओकत, हेही विसरता येत नाही. कमिन्सचे ५.९ लिटरचे, बारा व्हॉल्व्हचे ६बीटी हे गिअरवर चालणारे इंजिन यांत्रिक डिझेलांचा कळस मानले जाते, आणि त्याचाही एक ठाऊक असलेला दोष आहे: पुढच्या गिअरकेसमधली भाग नेमक्या जागी बसवणारी एक छोटी डॉवेल पिन कंपनाने सैल होऊन फिरत्या गिअरांत पडू शकते. उपाय म्हणजे तिच्या तोंडावर पत्र्याची एक चकती बोल्टाने दाबून बसवणे.

साधे म्हणजे टिकाऊ हा नियम मोडणारे एक उदाहरण सांगायलाच हवे. टोयोटा प्रियसमध्ये बॅटरी, विजेच्या मोटारी आणि पेट्रोल इंजिन असे सगळेच असते, म्हणजे कागदावर तिच्याइतके गुंतागुंतीचे काही नाही. तरीही दुसऱ्या पिढीतल्या गाड्या टॅक्सी म्हणून प्रचंड चालल्या. वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही, क्लच नाही. गाडी हलवण्याचा सुरुवातीचा जोर मोटार लावते, आणि १.५ लिटरच्या इंजिनाला ओढाताण अशी होतच नाही. तिसऱ्या पिढीत तर वॉटर पंपही विजेवर गेला आणि बाहेरचा बेल्टच उरला नाही. पण त्याच पिढीत ईजीआरची वाट कार्बनने तुंबणे आणि हेड गास्केट जाणे हे दुखणे आले.

लाखो किलोमीटरच्या कथा ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांची १९६६ सालची व्होल्वो पी१८०० ही गाडी २०१३ मध्ये तीस लाख मैलांच्या पुढे गेली, आणि तो विक्रम आहे. तिचे १.८ लिटरचे बी१८ इंजिन बिडाचे, साध्या पुशरॉडचे होते. ते मधल्या काळात उघडून पुन्हा बांधावेही लागले होते. बांधता आले, हाच त्याचा गुण: बोअर करता येणारा, म्हणजे सिलिंडर कोरून मोठे करता येणारा, ब्लॉक, मोठ्या मापाचे पिस्टन आणि वर्षानुवर्षे मिळत राहिलेले सुटे भाग. आज पुष्कळ ॲल्युमिनियम ब्लॉकांत सिलिंडरच्या भिंतीवर इतका पातळ थर असतो की बोअर करण्याची सोयच नसते.

तेव्हा जुनी गाडी पाहायला जाताना नावाआधी इंजिनाचा सांकेतिक क्रमांक आणि वर्ष माहीत करून घ्यावे, त्याचा ठरलेला दोष कोणता ते शोधावे, आणि बॉनेट उघडून प्लग, फिल्टर, बेल्ट आणि स्टार्टर यांच्याकडे हात जातो का ते खरोखर हात घालून पाहावे. ऑइलचे झाकण उलटे करून त्याच्या आतली बाजू बघावी. तिथे काळा चिकट गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेले नाही, आणि दुधट पिवळा फेस असेल तर आत पाणी साठले आहे, ते दमटपणाने की गास्केटमुळे हे कूलंटची पातळी पाहून ठरवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन गार असताना, स्वतः किल्ली फिरवून, पहिल्या तीन सेकंदांचा आवाज ऐकावा, कारण चेनची खडखड आणि व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमुळे येणारा निळा धूर त्याच वेळी सापडतो. विकणाऱ्याने आपण पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता पुन्हा जावे.